आतल्या बाजूची झीज

१

सकाळी उठल्यावर अनेले आधी भट्टीतली राख काढायची आणि मगच चहा टाकायची. नवरा दोनात होता तेव्हा राख तो काढायचा. दोनातला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि राख, मूस, सांडशी, मेणाचे नमुने, सगळंच तिच्या वाट्याला आलं. घराला लागून जुना गोठा होता, तोच कारखाना. एका कोपऱ्यात भट्टी, खिडकीखाली कामाचं टेबल आणि दुसऱ्या खिडकीपाशी हातमाग. मागावर तिची नणंद वेनेरांदा बसायची. ‘ही पोरगी आमच्या घरात चार महिने टिकायची नाही,’ असं भावाच्या लग्नात भर पंगतीत म्हणालेली ही बाई, आता साठी ओलांडल्यावर त्याच पोरीच्या हातचं जेवत होती. दोघी दिवसभर भांडायच्या, आणि एकीला खोकला झाला की दुसरीला झोप लागायची नाही.

अनेले साक्ता घडवायची. साक्ता म्हणजे घोड्याच्या नालेसारखं अर्धवट मिटलेलं कांस्याचं कडं, आणि त्यावर फिरणारी एक लांब पिन. घोंगडीचे दोन काठ एकत्र धरायचे, पिन आरपार घालायची, कडं जरासं फिरवायचं, की पक्कं. आठशे वर्षांपूर्वी इकडच्या, लाटगाले प्रांतातल्या बायका अशाच अंगावरच्या घोंगड्या धरून ठेवत. आता लोकगीतांच्या मेळ्यात गाणाऱ्या मुलींना तशाच साक्ता हव्या असत, आणि अनेलेच्या हातची नक्कल जुन्याशेजारी ठेवली तर फरक फक्त रंगात दिसे.

जुलैत रीगाहून गुनिता आली. संग्रहालयात काम करणारी, चाळिशीची, बोलताना सारखा चष्मा पुसणारी बाई. लुद्झाच्या तळ्याकाठी तिच्या लोकांनी एका बाईची कबर उकरली होती. गुनिताने कबरीत सापडलेल्या, कापसात गुंडाळलेल्या साक्ता टेबलावर एका ओळीत मांडल्या. सात होत्या.

“एका बाईला सात?” मागावरून वेनेरांदा म्हणाली. “थंडी फार वाजत असेल बिचारीला.”

“एरवी एकच असते. फार तर दोन,” गुनिता म्हणाली. “हिच्या गळ्यापासून गुडघ्यांपर्यंत ओळीने लावलेल्या होत्या. तुम्ही साक्ता करा, आणि घोंगडी वेनेरांदाबाई विणतील. झिजलेल्या नको. नव्या असताना जशा असतील तशा हव्यात.”

“नवी असताना जशी असेल तशी तर मीपण मला हवी आहे,” वेनेरांदा म्हणाली. तिघीही हसल्या.

२

मापं घ्यायला एकच दिवस होता. गुनिता बाहेर सफरचंदाच्या झाडाखाली फोनवर बोलत बसली, आणि अनेलेने एकेक साक्ता भिंगाखाली धरली.

झीज वाचायला तिला दोनातने शिकवलं होतं. कापड धातूला गुळगुळीत करतं, ओरखडत नाही. उजव्या हाताची बाई कडं एका बाजूला झिजवते, डावखुरी दुसऱ्या. या साक्तांची कडी मात्र जवळपास कोरी होती. जी काय झीज होती ती पिनांवर होती, आणि तीही भलत्याच जागी. पिनेचा जो मधला भाग कापडाच्या आत राहतो, अंगाकडे, जो बाहेरून दिसतही नाही, तिथे खळगा होता. बादलीच्या कडीला रोज बोट अडकवून अडकवून पडतो तसा. एका बोटाएवढा रुंद, आत ओढल्यासारखा.

सातही पिनांवर तो होता.

तिने गुनिताला बोलावून दाखवलं. गुनिताने चष्मा पुसला, पाहिलं, परत पुसला. “सवय असेल. काही जणी सारख्या गुंडीशी चाळा करतात ना, तशी.”

“आतून?”

“जमिनीत आठशे वर्षं पडल्यावर धातूचं काय काय होतं, बाई.”

अनेलेला ते पटलं नाही, पण पटवून घेतलं. गंजाचा खळगा खरबरीत असतो. हा गुळगुळीत होता. बोटाने पाहावं असं तिच्या मनात आलं होतं, पण तिने बोट नेलं नाही. हात तेलकट आहेत, डाग पडेल, असं तिने स्वतःलाच सांगितलं.

३

ऑक्टोबरअखेर दोन्ही कामं झाली. घोंगडी गडद निळी होती, काठाला पितळी कड्या ओवलेल्या. वेनेरांदाने चार महिने तिच्यावर डोळे फोडले होते. अनेलेच्या पिना सरळ, गोल, चकचकीत होत्या. दोघींनी मिळून घोंगडी लाकडी खांबावर चढवली, साक्ता गळ्यापासून खाली ओळीने लावल्या आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं.

“चांगली झालीय,” वेनेरांदा म्हणाली. तिच्या तोंडून हे वर्षातून एकदा निघायचं.

फोटोसाठी उजेडाचा दिवस हवा होता आणि तळ्यावरचं धुकं हलेना, म्हणून घोंगडी चार दिवस तशीच खांबावर राहिली. अनेले शेजारी बसून दुसऱ्या मागण्यांचं काम करत होती. कधी कधी कापडाची सळसळ व्हायची. लोकर हवेतला ओलावा पिते, ताणते, सैल पडते, त्यात नवल काय.

पाचव्या दिवशी तिने पुसायला म्हणून सातवी साक्ता काढली. पिनेच्या मध्यावर, आतल्या बाजूला, चकाकी उडाली होती. तिने पिन उजेडात तिरकी धरली. तिथे उथळसा खळगा होता.

तिने बाकीच्या सहा काढून पाहिल्या. मग रिळावर पुरवठादाराकडून आलेली तीच तार उरली होती ती पाहिली. तिच्यात दोष नव्हता. “धातू मऊ निघाला,” ती मोठ्याने म्हणाली.

“काय झालं?” वेनेरांदाने विचारलं.

“काही नाही. घासावं लागेल.”

तिने दुपारभर कानशीने आणि राखेने पिना घासल्या, सरळ केल्या, पुन्हा लावल्या. सकाळी खळगे पुन्हा होते तिथेच होते.

४

त्या दिवशी ऊन पडलं. गुनिताला फोटो पाठवायचा होता, आणि खांबावर घोंगडी बुजगावण्यासारखी दिसते, म्हणून वेनेरांदा स्वतःच अंगावर घ्यायला तयार झाली. अनेलेला नको म्हणावंसं वाटलं. पण कारण काय सांगणार होती? पिना झिजतात म्हणून?

वेनेरांदा खिडकीपाशी स्टुलावर बसली. अनेलेने एकेक साक्ता लावली. सात लागल्या. फोटो काढले.

“अनेलेबाई, देखण्या नणंदेचा फोटो पुरे झाला असेल तर चहा द्या,” वेनेरांदा म्हणाली आणि तिने दुसऱ्या-तिसऱ्या साक्तेमधल्या फटीतून दोन्ही हात बाहेर काढले. अनेलेने त्यांत गरम कप दिला. वेनेरांदाने तो दोन्ही तळव्यांत धरला. अनेले गुडघे टेकून खाली बसली आणि सर्वांत खालची, सातवी साक्ता सोडवू लागली.

कडं फिरेना.

तिने जोर लावला. जरासं सरकायचं आणि परत जागेवर यायचं. कापड अडकलं असेल म्हणून तिने सहावी धरली. तीही तशीच. धातू अडकला की त्याचा एक कोरडा हट्ट असतो, तो तिच्या बोटांना ठाऊक होता. हा तसा नव्हता. इथे ती ओढायची तेव्हा पलीकडूनही ओढलं जायचं.

“तुझे हात किती गार आहेत गं,” वर वेनेरांदा म्हणाली. “पोटाला लावू नकोस.”

अनेलेचे दोन्ही हात घोंगडीच्या बाहेर होते. वेनेरांदाचे दोन्ही हात कपावर होते.

पाचव्या आणि सहाव्या साक्तेच्या मध्ये काठ किंचित उघडा होता. उन्हाची एक रेघ तिथून आत जात होती. त्या उजेडात तिला तीन बोटांची टोकं दिसली. सहाव्या पिनेला आतून अडकवलेली. कातडी पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी चुरगळलेली होती आणि नखं स्वच्छ होती, फार स्वच्छ. बोटांनी पकड जराशी बदलली, आणि पिन आत ओढली गेली.

५

अनेले ओरडली नाही. ती उठली, मागावरची मोठी कात्री घेतली, वेनेरांदाच्या मागे गेली आणि घोंगडी खालच्या काठापासून मानेपर्यंत उभी कापत नेली.

“अगं काय करतेस? वेड लागलं का तुला? चार महिने–” वेनेरांदाच्या हातून कप पडला. अनेलेने तिला दंडाला धरून त्या कापडातून मागे ओढून काढलं, आणि दोघी मागावर जाऊन आदळल्या.

घोंगडी पुढे कोसळली आणि सपाट पडली. आत काहीही नव्हतं. जरा वेळाने अनेलेने सांडशीने एक साक्ता पकडून फिरवली. ती एका झटक्यात सुटली. सगळ्या सुटल्या.

वेनेरांदा त्या दिवशी रागावली असती तर बरं झालं असतं. वाटाणे आणि खारवलेलं मांस तिच्यापुढे ठेवलं, ते तिने ढवळलं आणि ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात आली तेव्हा तिने स्वेटरचा गळा मुठीत धरला होता.

“तू पाहिलंस,” ती म्हणाली.

“बोटं पाहिली.”

“मला वाटलं तूच आहेस. आधी वाटलं.” ती खुर्चीवर बसली. “तुला काय वाटतं, ती बाहेर यायला बघत होती?”

“मग काय करत होती?”

“ती उघडत नव्हती, अनेले. बंद धरून होती. तिच्या सगळ्या अंगाला कापरं भरलं होतं. आणि मी आत होते तर तिने मलाही धरलं, असं, पोटाशी. आपण नाही का पोराला धरत, कुणी दारावर आलं तर.”

अनेलेने चहा ओतला. “बाहेर कोण होतं? मीच होते ना.”

“तू होतीस,” वेनेरांदा म्हणाली. “पण ती तुला भीत नव्हती.”

६

पहिल्यांदा अनेलेच्या ॲप्रनची नाडी सुटली. ती बांधायची आणि भट्टीपर्यंत जाईतो ती लोंबत असायची. जुनी नाडी, असं म्हणून तिने दुसरी लावली. मग फडक्यात बांधून टांगलेल्या दह्याची गाठ सुटून सगळा चक्का जमिनीवर आला. बुटांचे बंद. फाटकाची कडी. वेनेरांदा दुपारी डुलकी काढून उठायची तेव्हा तिच्या स्वेटरची सगळी बटणं उघडी असायची, वरपासून खालपर्यंत, नीट, एकही न तुटता.

“झोपेत तूच काढत असशील.”

“असेन,” वेनेरांदा म्हणायची. तिला वाद घालायचा नव्हता, आणि तेच अनेलेला भयंकर वाटायचं.

अनेलेने आयुष्यभर आगीशी आणि धातूशी व्यवहार केला होता. धातू खोटं बोलत नाही. तिने घरातल्या सगळ्या गाठी स्वतः तपासल्या, फाटकाला तारेचे पीळ दिले. पीळ उलगडलेले सापडले. तार मोडलेली नव्हती. कुणीतरी सवडीने, एकेक वळसा मागे घेत, ती सरळ केली होती.

शनिवारी दुपारी दोघी अंगणातल्या वाफेच्या खोलीत न्हायला बसल्या होत्या. वेनेरांदाने पंचा सोडला आणि अनेलेचं लक्ष तिच्या पोटाकडे गेलं. एकोणीस वर्षांपूर्वी पित्ताशय काढल्याचा व्रण होता, पांढरी रेघ राहिलेली. ती रेघ वरच्या टोकाला दोन बोटं उघडली होती. रक्त नव्हतं, दुखत नव्हतं. शिवण उसवावी तसं.

“कधीपासून?”

“मंगळवारपासून. तू ओरडशील म्हणून बोलले नाही.”

डॉक्टर तरुण होता आणि दमलेला होता. इतका जुना व्रण असा उघडत नाही, असं तो दोनदा म्हणाला. त्याने चार टाके घातले आणि हॉस्पिटलात राहा म्हणून सांगितलं. वेनेरांदाने नकारार्थी मान हलवली. “इथे मला धरून कोण बसणार?” ती म्हणाली. डॉक्टरला वाटलं म्हातारी एकटेपणाचं बोलतेय, आणि तो हळू आवाजात काहीतरी समजावत राहिला.

चौथ्या दिवशी टाके अंथरुणात सापडले. अनेलेने एक उचलून भिंगाखाली धरला. दोरा कापलेला नव्हता की तुटलेला नव्हता. गाठ सोडवली होती. आणि व्रण आता चार बोटं उघडा होता. आत काय दिसतं ते पाहायचं नाही म्हणून वेनेरांदा तोंड भिंतीकडे करून पडली होती.

“अनेले,” ती म्हणाली, “माग लावून दे. वाकवत नाही मला.”

७

ती अकरा दिवस विणत होती. पोटावर अनेलेने फडकं गुंडाळलं होतं आणि दर तासाला पुन्हा बांधत होती. लोकर जी हाताला लागेल ती, निळी, करडी, दोनातच्या जुन्या स्वेटरची उसवलेली. पितळी कड्या नाहीत, नक्षी नाही. गुनिताचे फोन आले. घोंगडीला अपघात झाला, वेळ लागेल, एवढंच अनेलेने सांगितलं.

“फार रुंद होतेय,” सहाव्या दिवशी अनेले म्हणाली.

“दोघींपुरती करतेय.”

“मला काय झालंय?”

“तुझा अंगठा बघ.”

लहानपणी विळ्याने कापलेला अंगठा. त्याचाही व्रण उसवायला लागलेला अनेलेने सकाळीच पाहिला होता. तिने तो मुठीत मिटून घेतला आणि लोकर उलगडायला बसली.

माग लहान, म्हणून वेनेरांदाने दोन पट्टे विणले आणि मधोमध जोडून टाकले. आखूड, दाट टाके घातले. शेवटची गाठ तिने दातांनी आवळली.

तो रविवार होता. पहिला बर्फ पडून गेला होता आणि दुपारी खोलीभर पांढरा उजेड होता. वेनेरांदाला आता बसणंही कठीण जात होतं. अनेलेने दार लावलं, अडसर घातला आणि तिला शेगडीच्या भिंतीपाशी बाकावर बसवलं. स्वतः तिला खेटून बसली. घोंगडी दोघींच्या पाठीवरून पुढे घेतली, काठ जुळवले, आणि आत राहून साक्ता लावायला सुरुवात केली. खालून वर. आतून लावणं अवघड होतं, बोटांना उलटं शिकावं लागत होतं.

“आपण काय करतोय हे?” ती म्हणाली. “शेजारची मोनिका आली तर म्हणेल, दोघींचं एकदमच गेलं.”

“तिचं कधीचंच गेलंय,” वेनेरांदा पुटपुटली, आणि किंचित हसलीही.

सातवी साक्ता गळ्याशी लागली. लोकरीचा आणि वेनेरांदाच्या मलमाचा वास कोंडला. अनेलेने डावा हात नणंदेच्या पोटावर ठेवला, फडक्यावरून, घट्ट. उजवा पिनांवर.

दाराचा अडसर सरकला. आवाज मोठा नव्हता. आपला माणूस घरी आल्यावर सरकवतो तसा, अगदी रोजचा. दार उघडल्याचं ऐकू आलं नाही, पण दोघींच्या पायांना थंडी लागली. पावलांचा आवाज आला नाही.

खालच्या साक्तेचं कडं हललं. बाहेरून कुणी हलकेच फिरवून पाहत होतं. अनेलेने बोट अडकवून पिन आत ओढली. तिचं बळ पुरेना. कडं निम्मं फिरलं होतं तोच तिच्या बोटाशेजारी दुसरं बोट आलं. गार, चुरगळलेलं. ते वेनेरांदाचं नव्हतं. वेनेरांदाने दोन्ही हातांनी अनेलेचा दंड धरला होता. अनेलेने हात मागे घेतला नाही. त्या बोटाला कुठे किती ओढायचं ते ठाऊक होतं, आणि त्याला कापरं भरलं होतं. तिघींनी मिळून धरलं. कडं परत जागेवर आलं.

मग त्याच्या वरचं हललं. मग त्याच्या वरचं. घाई कसलीच नव्हती. एकेक साक्ता हाताळली जात होती, तशीच सोडून दिली जात होती. सहावीपर्यंत आलं, सातवीपर्यंत आलं. अनेलेच्या गळ्याला कड्याचा गारवा लागला, कडं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे गेलं आणि थांबलं.

बराच वेळ काही झालं नाही. खिडकीबाहेर छपरावरून बर्फ घसरून पडला. वेनेरांदाचा श्वास हळूहळू संथ झाला. “गेलं का?” तिने विचारलं.

अनेले उत्तर देणार होती. पण तिच्या बोटाशेजारचं ते बोट पिनेवरून निघालं होतं. आतल्या अंधारात ते दोघींच्या मधून, घाईघाईने, मागे चाचपत चाललं होतं.

पाठीमागे, त्यांच्या आणि गरम भिंतीच्या मध्ये, शिवणीचा पहिला टाका सुटला.